कुडलचा लेख आणि त्याचा वाचक

सोलापूरच्या दक्षिणेस भीमा व सीना ह्या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे संगमेश्वर व हरिहरेश्वर ही चालुक्यकालीन देवालये आहेत. संगमेश्वराच्या मंदिरातील तुळईवर कोरलेला एक लहानसा लेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार ह्यांनी उजेडात आणला. तो शके ९४० चा आहे. त्याच्या अखेरीस ‘वाछि तो विजेयां होऐवा’ अशी अक्षरे आहेत. जो हा लेख वाचील तो विजयी व्हावा, असा त्यांचा अर्थ होय.

लेखात कालयुक्त संवत्सराचा निर्देश आहे आणि दक्षिणेकडील गणनेप्रमाणे शके ९४० शी त्याचा मेळ बसतो. लेखाचा काळ सामान्यतः इ. स. १०१८ सांगतात. तथापि महिना माघ असल्यामुळे प्रत्यक्ष दिवस १०१९ च्या आरंभी पडतो, हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

आद्य मराठी लेखाचा मान दीर्घकाळ श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या ओळींना दिला जात असे. परंतु त्यांपैकी एका ओळीत होयसळांचा सेनापती गंगराज ह्याचे नाव असल्याने त्या बाराव्या शतकात कोरल्या गेल्या असाव्यात, असे मत पुढे आले. अलिबागनजीकच्या आक्षी येथील लेखाचा शक ९३४ असा वाचल्यास तो कुडलच्याही आधीचा ठरतो. मात्र त्या वाचनाविषयी मतभेद आहेत. अग्रक्रमाचा हा वाद अंकांच्या वाचनावर अवलंबून असल्यामुळे केवळ अभिमानाने तो सुटणार नाही.

भाषेच्या अभ्यासकाला ह्या अखेरच्या शब्दांचे मोल तारखेहून अधिक वाटावे. ‘वाछि तो’ ही रचना आजही ‘तळे राखी तो पाणी चाखी’ ह्या म्हणीत टिकून आहे. ‘जो’ अध्याहृत, क्रियापद जुन्या वर्तमानकाळाचे आणि पुढे ‘तो’ अशी ती घडण होय. ‘होऐवा’ हे रूप संस्कृत ‘-तव्य’ प्रत्ययाच्या प्राकृत परंपरेतील असून आजच्या ‘व्हावा’चा तो पूर्वज म्हणता येईल. ‘च’च्या जागी ‘छ’ आहे, तो लेखनिकाच्या सवयीचा भाग असू शकेल. कसेही असले तरी ही वाक्यरचना मराठीच आहे.

ह्या परिसरात त्या काळी कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. सोलापूर जिल्ह्यातील तत्कालीन कोरीव लेखांत कन्नडचे प्राबल्य आहे. अशा प्रदेशात वाचकाला उद्देशून मराठीत शुभेच्छा कोरली गेली. त्यावरून येथे मराठी जाणणारा वाचक अपेक्षित होता, एवढे अनुमान रास्त आहे. कन्नड येथे नव्हती, असे मात्र त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. दोन्ही भाषा एकाच संगमावर नांदत होत्या.

३ मे २००० रोजी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एका गृहस्थाने जंगलात वस्तूंनी भरलेली बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग हा खेळ निघाला. हवाई बेटांतील अरण्यांत, ‘हेइआऊ’ नावाच्या प्राचीन देवस्थानांच्या आसपास, असे शोधार्थी हिंडू लागले की जुन्या दगडांची जपणूक हा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे तो प्रश्न अधिक जुना आहे. मोडक्या देवळावर न कळणारी अक्षरे दिसली की ती गुप्तधनाची खूण समजून खणण्याची खोड गावोगाव आढळते. ह्या समजुतीपायी कित्येक शिळा उखडल्या व फोडल्या गेल्या. जागेवरून हललेला दगड आपल्या स्थानाची साक्ष पुन्हा देऊ शकत नाही.

मुलाबाळांसह कुडलला जाणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट सांगणे विद्यापीठातील जाणत्यांचे काम आहे. लेखावर खडू वा तेल लावू नये, ठसा तज्ज्ञानेच घ्यावा आणि शेतात नवी अक्षरे दिसल्यास दगड न हलवता पुरातत्त्व खात्यास कळवावे. कुडलच्या लेखकाने विजय चिंतिला तो वाचणाऱ्याचा. खणणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.