पत्राचा ताबा

मराठी पत्रव्यवहाराच्या चर्चेत एक साधी गोष्ट दुर्लक्षित राहते : टपालात पडलेले पत्र लिहिणाऱ्याचे उरत नसे. जी. ए. कुलकर्णी १९८७ साली निवर्तले. सुनीता देशपांडे यांना त्यांनी लिहिलेली पत्रे सुनीताबाईंपाशी राहिली, म्हणूनच 'जी. एं.ची निवडक पत्रे'चा पहिला खंड सिद्ध होऊ शकला. संवादाची दुसरी बाजू 'प्रिय जी. ए.'मधून २००३ साली आली. तोवर वाचकाने तिचा अंदाजच करायचा!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. ई-मेलमुळे लेखनाचा वेग वाढला, याविषयी पुष्कळ लिहिले गेले. ताब्यातील बदल मात्र अधिक मूलगामी आहे. पाठविलेल्या मजकुराची प्रत आता लिहिणाऱ्याकडेही राहते, आणि दोन्ही बाजू एकाच परवलीच्या शब्दाआड बंद होतात. वारसांना तो ठाऊक असेलच असे नाही. २०१७पासून तर व्हॉट्सॲपवरील मजकूर ठरावीक मुदतीत समोरच्याच्या फोनमधूनही पुसता येतो. आपले शब्द मित्राच्या हाती कायमचे सोपविण्याची जोखीम हा पत्रमैत्रीचा पाया होता. तोच येथे निखळतो. पुसलेल्या मजकुराच्या जागी तो पुसल्याची नोंद तेवढी उरते. उद्याच्या संपादकाला तिच्यावर टीप लिहिता येईल. संहिता कोठून आणणार?