पटल विलगीकरण

अर्धपार्य पटलाच्या साहाय्याने मिश्रणातील घटक वेगळे करण्याची पद्धत. पटलातून काही घटक पलीकडे जातात, तर काही अडविले जातात. पटल काटेकोर निवड करणारे असावे व तरीही त्यातून पुरेसा प्रवाह जावा, या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून या पद्धतीचा विकास झाला आहे.

इ. स. १७४८ मध्ये झां आंत्वान नॉले या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाने बंद करून ते पाण्यात बुडविले. पाणी आत शिरून मूत्राशय फुगला. तर्षणाचे हे पहिले नोंदलेले निरीक्षण होय. प्राणिज पटले एकसारखी नसल्याने अचूक मापन अवघड होते. मोरित्स ट्राउबे यांनी १८६७ मध्ये कॉपर फेरोसायनाइडाचे कृत्रिम पटल बनविले. व्हिल्हेल्म पेफर यांनी तसे पटल सच्छिद्र मातीच्या भांड्यात तयार करून तर्षण दाब मोजले (१८७७). याच मापनांचा आधार याकोबुस व्हांट हॉफ यांच्या विरल द्रावणांच्या सिद्धांताला मिळाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाइन्रिख बेकहोल्ड यांनी कोलोडियनाची पटले तयार केली. विद्रावातील कोलोडियनाचे प्रमाण बदलून छिद्रांचा आकार कमीजास्त करता येतो, असे त्यांनी दाखविले. ओल्या पटलातून हवेचा पहिला बुडबुडा किती दाबाला बाहेर पडतो, यावरून सर्वांत मोठ्या छिद्राचा व्यास काढण्याची त्यांची कसोटी अद्यापही वापरली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत पिण्याच्या पाण्यातील जंतू तपासण्यासाठी अशी पटले उपयोगी पडली.

खाऱ्या पाण्यावर तर्षण दाबाहून अधिक दाब दिल्यास गोडे पाणी पटलातून बाहेर येते (व्यस्त तर्षण). समुद्राच्या पाण्यासाठी हा दाब सु. २५ वातावरणांहून अधिक लागतो. फ्लॉरिडा विद्यापीठातील सी. ई. रीड व ई. जे. ब्रेटन यांना सेल्युलोज ॲसिटेटाचे पटल मीठ उत्तम अडविते असे आढळले (१९५९). परंतु त्यातून मिळणारे पाणी अत्यल्प होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात (लॉस अँजेल्स) सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांना चाचण्यांमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली : तेच पटल उलटे बसविल्यास परिणाम बदलत असे. पटलाच्या दोन बाजू भिन्न आहेत, हे त्यावरून उघड झाले. त्यांनी १९६० च्या सुमारास तयार केलेल्या असममित पटलात एका बाजूस अतिशय पातळ, घट्ट थर व त्याखाली सच्छिद्र आधार होता. निवड पातळ थर करी, तर दाब आधार सोशी. त्यामुळे प्रवाह सु. दसपट वाढला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावी या पटलांवर मचूळ पाणी शुद्ध करण्याचे केंद्र सुरू झाले.

पुढे जॉन कॅडोटी यांनी पॉलिअमाइडाचा पातळ थर वेगळ्या आधारावर बसविला. त्यामुळे प्रवाह व निवड दोन्ही सुधारले. मात्र क्लोरिनाने हा थर खराब होतो. भारतात भावनगर येथील केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेत आणि मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रात या विषयावर संशोधन झाले आहे. पटलावर साचणारा मळ आणि मागे उरणारे अतिखारे पाणी हे प्रश्न अजूनही पूर्णपणे सुटलेले नाहीत.