दक्षिणा, दस्तुरी, विद्यावेतन

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागावर नवख्याला आधी तुटलेला ताणा सांधायला शिकावं लागतं. धाग्याचं टोक शोधायचं, गाठ मारायची, तारेच्या डोळ्यातून आणि फणीच्या नेमक्या घरातून तो ओढून घ्यायचा. घर चुकलं की कापडावर उभी रेघ उमटत जाते. जाणता कामगार हे काम चुटकीसरशी करील; तरी तो हात आवरतो आणि पोराला चाचपडू देतो. तेवढा वेळ माग बंद, म्हणजे उत्पादन बुडालं. शिकवणाऱ्याचा हा संयम फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न फार जुना आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत ती शिष्य मोजतो, तीही विद्या पुरी झाल्यावर: आचार्यांना प्रिय असेल ते धन आणून द्यावं. त्याच उपदेशात आचार्य बजावतात की आमचं चांगलं तेवढंच उचला. दासबोधाच्या पाचव्या दशकात रामदासांनी आधी गुरुलक्षण सांगितलं, मग शिष्यलक्षण. शिष्याकडून साधना करून न घेणारा गुरू मातीमोलानं मिळाला तरी टाकावा, असा त्यांचा रोकडा सल्ला. आणि सच्छिष्य नसेल तर सद्गुरूचाही शीणच.

सोलापुरात 1877च्या सुमारास जुनी गिरणी सुरू झाली. तेव्हा याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, अक्कलकोटात, स्वामी समर्थ हयात होते. गिरण्यांच्या जगात मात्र गुरूच्या जागी जॉबर आला. माणसं भरायची त्यानं, काम दाखवायचं त्यानं, काढायचंही त्यानंच. शिकवणाऱ्याच्या हाती शिकणाऱ्याची भाकरी आली आणि दक्षिणेची दस्तुरी झाली: विद्येआधीच, नोकरी मिळावी आणि टिकावी म्हणून द्यायची. 1929 साली नेमलेल्या शाही कामगार आयोगानं या लाचखोरीवर बोट ठेवलं.

1961 साली दोन कायदे झाले. एकातून पुढच्या वर्षी एमआयडीसी उभी राहिली. दुसरा शिकाऊ उमेदवारांचा. या दुसऱ्याचं कलम 11 मालकाची कर्तव्यं सांगतं: नीट प्रशिक्षण द्या, त्यावर पात्र माणूस नेमा. कलम 12 उमेदवाराची: मन लावून शिका, वर्गाला नियमित या, मुदतीत कुशल व्हा. क्रम रामदासांचाच, आधी शिकवणारा. पैशाची दिशा मात्र उलटली. आता शिकणाऱ्यालाच विद्यावेतन.

छोट्या कारखान्यांत आजही बरंचसं शिक्षण कायद्याच्या कागदाविना, नात्यातल्या किंवा ओळखीच्या जाणत्याशेजारी उभं राहूनच होतं. तिथं विद्यावेतन ठरलेलं नसतं आणि बंद मागाचा तोटा जाणत्याच्याच मजुरीतून जाऊ शकतो. आदर्श शिक्षकाच्या गुणांची यादी करताना हा हिशेब आधी मांडावा. शिकवण्याचा वेळ मजुरीत धरला, तर हात आवरणारे उस्ताद वाढतील. नाही धरला, तर पोराच्या हातून धागा हिसकावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.