शेऱ्याचा रकाना

नेहमीप्रमाणे हे आपल्या इतिहासाच्या पॉडकास्टच्या भागाचं लेखी रूप. बोलताना घसरलेली वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा भाग गवत कापायच्या यंत्रावर आहे. हसू नका. किल्ले, लढाया, तह सगळं करून झालं; आज जरा ग्रीसमध्ये हात घालू. आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

नानांच्या वह्या

माझं गाव पळसदेव, तालुका इंदापूर. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गेल्या वर्षी कामावरून निवृत्त झाले. पुण्याजवळच्या एका मोठ्या कॅम्पसमध्ये ते हिरवळ राखायचे. तिथे त्यांच्या ताब्यात एक झिरो-टर्न मोवर होता. म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापणी यंत्र, ज्याला स्टिअरिंग नसतं. दोन हातांत दोन लांब लिव्हर. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रॉलिक पंप. डावा लिव्हर पुढे आणि उजवा मागे केला की यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरतं. बैलांनी औत वळवताना बघितलंय ना? आतला बैल जवळजवळ जागेवर आणि बाहेरचा मोठा फेरा मारून येतो. तीच युक्ती, फक्त इथे आतलं चाक उलटंसुद्धा फिरतं.

नानांनी या यंत्राच्या सात वह्या लिहिल्या. शंभर पानी, रेघी. चार रकाने: तारीख, तास, काम, शेरा. निवृत्त होताना मला म्हणाले, "लेका, तू एवढा कॉम्प्युटरचा इंजिनिअर. नवीन पोरांना हे मोबाईलवर करून दे."

दोन शनिवार-रविवारांत ॲप करून दिलं. तारीख घेतली. तास घेतले. कामांची यादी करून टाकली, बोट लावलं की झालं. शेऱ्याचा रकाना मात्र काढला. कोणी काहीही लिहितं, त्याचं वर्गीकरण करता येत नाही, त्यावर आलेख निघत नाही. आमच्या भाषेत तो कचरा डेटा.

त्या कचऱ्याकडे परत येऊ. आधी थोडं मागं जाऊ.

पाना करणारा माणूस

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड नावाचं गाव आहे. लोकरी कापडाच्या गिरण्यांचा तो मुलूख. तिथे एडविन बडिंग हा कारागीर गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. कापड विणून झालं की वर बारीक केस उभे राहतात, ते एका फिरत्या पात्यांच्या रुळाने कातरून सपाट करत. ते बघून बडिंगला वाटलं, हे गवतावर का चालू नये? 1830 मध्ये त्याने पेटंट घेतलं. तोवर हिरवळ म्हणजे लांब दांड्याचे कोयते घेऊन राबणारी माणसं, नाहीतर मेंढ्या. दोन वर्षांनी, 1832 मध्ये, इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने परवाना घेऊन ही यंत्रं करायला घेतली.

पण मला त्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते. गॅरेजमध्ये आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतो, जबडा मागेपुढे करता येणारा, त्याचा एक सुरुवातीचा नमुना बडिंगच्याच नावावर आहे. ज्याने गवताचं यंत्र केलं त्यानेच ते खोलायचा पानाही केला! दुरुस्ती करणारा माणूस शोध लावतो तेव्हा त्याला माहीत असतं, हे एक दिवस बिघडणार आहे.

याच परगण्यात, स्ट्राउडपासून काही मैलांवर, डर्सली नावाचं गाव आहे. तिथल्या लिस्टर कंपनीने 1930 च्या सुमारास एक संथ चालीचं डिझेल इंजिन बाजारात आणलं. मिनिटाला साधारण सहाशे फेरे. त्याच्या नकला पुढे भारतात इतक्या झाल्या, विशेषतः राजकोटला, की जुन्या माणसांना तो टक्‌-टक्‌ आवाज परका वाटतच नाही. विहिरीवरचं इंजिन म्हटलं की हाच आवाज.

सायकलच्या दुकानापासून

आता आपल्याकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ 1888 चा धरतात. तोही कुठे, तर बेळगावातल्या सायकलींच्या दुकानात. म्हणजे इथेही सुरुवात विक्री आणि दुरुस्तीपासूनच.

त्यांचा लोखंडी नांगर सगळ्यांना ठाऊक आहे, 1903 चा. पण त्याच्या आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं होतं. आपली कडबाकुट्टी. आता नीट बघा, बडिंगचं यंत्र गवत कापतं आणि कडबाकुट्टी वैरण कापते. तिकडे कापलेलं गवत बहुतेक वेळा टाकायचं असतं. इकडे कापलेला कडबा हाच सगळा मुद्दा, तो जनावराच्या पोटात जायचा. पण पातं तेच म्हणतं: मला धार लाव.

नांगर आला तेव्हा शेतकरी घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. सुरुवातीचे नांगर खपायला जवळपास दोन वर्षं गेली. या समजाला आपण आज हसतो. पण मला वाटतं, त्यात एक शहाणा प्रश्नही असावा. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करतो, बलुत्यावर. हा लोखंडी मोडला तर कोण बघणार? फाळ कुठून आणायचा?

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात जमीन दिली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1920 मध्ये तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. मराठीतल्या एका गाजलेल्या मासिकाचं मूळ असं कारखान्याच्या खबरपत्रात आहे. यंत्र विकायचं तर माणसाशी बोलत राहावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

साताऱ्याला धनजीशा कूपर यांचा कारखाना. आधी नांगर, मग 1930 च्या दशकात डिझेल इंजिनं. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. आणि 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. यानंतर इंजिन विहिरीवर आलं, मोट हळूहळू बंद झाली, आणि गावात एक नवा माणूस तयार झाला. इंजिनाचा मिस्त्री.

पाण्यामागे धावणारं इंजिन

आमचे नाना असेच मिस्त्री झाले. पण त्यांची शाळा जरा वेगळी होती. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पुरं झालं. साधारण 117 टीएमसीचं. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि गाव वर सरकलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं, मग टीव्हीवाले येतात, ड्रोन उडतात. आमच्याकडे मात्र पाणी खाली गेलं याचा पहिला अर्थ असतो: इंजिन हलवा.

कारण धरणाच्या फुगवट्याच्या कडेला पाणी एका जागी नसतं. मार्च-एप्रिलमध्ये ते रोज मागे हटतं. त्याच्यामागे पंप न्यायचा, पाईप जोडायचे. चार दिवसांनी परत तेच. आणि पावसाळ्यात वरची धरणं भरून पाणी सुटलं की रात्री-अपरात्री धावत जाऊन सगळं वर ओढायचं, नाहीतर इंजिनला जलसमाधी. नाना म्हणतात, "चिखलात इंजिन हलवताना कंपनीचा माणूस येत नसतो. आवाज ऐकायचा, हात लावून बघायचं, आन ध्यानात ठेवायचं."

पुढे विजेच्या मोटारी वाढल्या, इंजिनाचं काम कमी झालं, आणि नाना कॅम्पसवर गेले. झिरो-टर्नचा जन्म 1960 च्या दशकाच्या सुरुवातीचा मानतात, अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, हेस्टन गावच्या जॉन रेगियरने केलेला. तोही शेतीचाच मुलूख. नानांना हेस्टन माहीत नाही. पण यंत्र बघून दोन दिवसांत म्हणाले, "हे आपलंच हाय."

वहीत काय होतं

वहीतली कामं थोडक्यात सांगतो, कारण ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांना उपयोग होईल. नेमके तास मात्र तुमच्या यंत्राच्या पुस्तकातलेच खरे.

रोज सुरू करण्याआधी इंजिन ऑईल, हवेचा फिल्टर, टायरची हवा. हवा दोन्हीकडे सारखी हवी. एका चाकात कमी असेल तर यंत्र त्या बाजूला ओढतं आणि कापणी तिरकी येते. मग माणूस उगाच डेकचे नटबोल्ट फिरवत बसतो. इंजिनच्या पंख्याच्या जाळीत आणि पंपांच्या पंख्यांत अडकलेलं गवत काढायचं. आपल्याकडे पावसाळ्यात ओलं गवत चिकटतं, वाळून त्याची पेंड होते, आणि इंजिन आतल्या आत तापतं.

पात्यांना धार लावली की पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवायचं. एक बाजू खाली गेली तर ती जड, तिकडे थोडं घासायचं. तोल नसलेलं पातं स्पिंडलची बेअरिंग खातं. डेकखाली हात घालण्याआधी यंत्र बंद, चावी काढलेली, प्लगची वायर सुटी. नानांनी हे प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय.

इंजिन ऑईल बऱ्याच यंत्रांत साधारण शंभर तासांनी बदलतात. हायड्रॉलिक ऑईल आणि त्याचा फिल्टर पहिल्यांदा लवकर, नंतर बऱ्याच तासांनी. ते बदलल्यावर आत हवा राहते, म्हणून मागची चाकं उचलून लिव्हर हळूहळू पुढे-मागे करत हवा काढायची. घाई केली तर पंप ओरडतो आणि झिजतो.

हे सगळं माझ्या ॲपमध्ये होतं. तासांवर अलार्म होते. हिरवा, पिवळा, लाल.

आणि मग

जुलैमध्ये फोन आला. पाऊस उघडला होता, एक नवीन पोरगा उतारावर कापत होता. तासभर चालवल्यावर डाव्या चाकाने जोर सोडला. यंत्र आडवं फिरलं आणि घसरत गटारात गेलं. मागची सुरक्षा कमान उभी होती आणि पोराने पट्टा बांधलेला होता, म्हणून खरचटण्यावर भागलं. डावा पंप गेला. यंत्र ऐन हंगामात उभं राहिलं.

मी ॲप उघडलं. सगळं हिरवं.

त्या रविवारी पळसदेवला गेलो आणि सातवी वही काढली. शेवटच्या चार महिन्यांत, शेऱ्याच्या रकान्यात, तीन वेळा एकच गोष्ट लिहिलेली होती. "गरम झाल्यावर उतारावर डावं चाक मागं राहतं. थंड असताना बरोबर." तिसऱ्या वेळी खाली रेघ मारली होती.

हायड्रॉलिकमध्ये याचा अर्थ साधारण ठरलेला आहे. ऑईल तापलं की पातळ होतं. पंप आतून झिजला असेल तर ते पातळ ऑईल आतल्या आत निसटतं आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. सकाळी थंड यंत्र तपासणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तासाभराने, उन्हात, उतारावर, वर बसलेल्याच्या कमरेला ते कळतं. माझ्या यादीत बोट लावायला अशी जागाच नव्हती.

मी नानांना सांगितलं, रकाना मीच काढला होता. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "त्या पोराला लागलं न्हाई ना?" एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मंडळी, हा भाग करताना मी बडिंगबद्दल, किर्लोस्करांबद्दल, कूपरांबद्दल वाचत होतो. शोधाचं साल मिळतं, कारखान्याचं साल मिळतं. पण ती यंत्रं चाळीस-पन्नास वर्षं ज्यांनी चालती ठेवली, चिखलातून ओढली, त्यांच्याबद्दल फारसं काही सापडत नाही. त्यांचं लिखाण कुठे असेलच तर अशा वह्यांच्या चौथ्या रकान्यात. आणि मी, इतिहासाचा पॉडकास्ट करणारा माणूस, हातात आलेला तो रकाना स्वतः पुसला होता.

ॲपमध्ये आता शेरा आहे. तो भरल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. पोरं बरेचदा "ओके" लिहून मोकळी होतात, ते बदलायला वेळ लागेल. पण गटारात गेलेल्या त्याच पोराने परवा लिहिलंय: "उजवीकडून शिट्टीसारखा आवाज, फक्त मागे घेताना." मी नानांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पट्टा बघाय सांग. आन त्याला म्हणावं, ऐकू येतंय तुला."

तुमच्या घरी, माळ्यावर, इंजिनाची, ट्रॅक्टरची, पिठाच्या गिरणीची अशी एखादी वही असेल तर रद्दीत देऊ नका. पानांचे फोटो काढून ठेवा. आणि ती लिहिणारं माणूस अजून असेल, तर त्याच्याजवळ बसून एकेक शेरा समजून घ्या.

पुढच्या भागात भेटू. तोवर रामराम.