धर्मगुरूंवांचून राहिलेली मंडळी

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं पंचवीस सोबत्यांसह नागासाकी येथें क्रुसावर मरण आलें, हें आमच्या मुलांसही ठाऊक आहे. पुढें तेथील ख्रिस्ती मंडळीचें काय झालें, हें मात्र थोडेच विचारतात.

१६१४ सालीं जपानांत धर्मास बंदी झाली; १६४४ च्या सुमारास अखेरच्या धर्मगुरूंनींही प्राण दिले. मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं. तेव्हां खेडुतांनींच कामें वांटून घेतलीं. एक जण सणांची गणना राखी, दुसरा बालकांस बाप्तिस्मा देई, तिसरा घरोघर निरोप पोंचवी. पापनिवेदनाच्या ठायीं पश्चात्तापाची प्रार्थना ते मुखोद्गत करीत, तीही दबल्या आवाजांत. (आमच्या कित्येक घरांत जपमाळेचा आवाज अलीकडे मंदावला आहे, आणि तो कोणाच्या भयानें नव्हे!)

१७ मार्च १८६५ रोजीं, ह्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नांवें बांधलेल्या ओउरा देवळांत, उराकामी गांवचीं कांहीं माणसें फादर पतीजां यांजकडे आलीं. आमचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे, असें सांगून त्यांनीं पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे म्हणून विचारलें.

छळ संपला नव्हता. त्यांपैकीं तीन हजारांवर लोक हद्दपार झाले, शेंकडों मेले. १८७३ सालीं उरलेले परतले. जेथें पूर्वीं पवित्र प्रतिमा पायांखालीं तुडवावयास लावीत, ती गांवच्या मुखियाची जागा त्यांनीं १८८० सालीं देवळासाठीं विकत घेतली.