चारी चाकांचा जोर

जुनी आलिशान मोटार घेणारा गृहस्थ रंग पाहतो, आसनें दाबून पाहतो (विकणाराहि तींच पुसून ठेवतो!), पण चाकांकडे क्वचितच वांकतो. चारी चाकांस जोर देणारी मोटार हॉलंडच्या स्पायकर कारखान्यानें १९०३ सालींच बांधली होती. अडचण वळणावरची, तेथें पुढच्या चाकांना मागच्यांहून लांब मार्ग कापावा लागतो. म्हणून महायुद्धांतल्या जीपचा पुढचा आंस कोरड्या पक्क्या रस्त्यावर सोडवून ठेवावा लागे. १९७० च्या रेंज रोव्हरनें मधोमध डिफरन्शियल बसवून हा जोर नित्याचा केला. चिखलांत तें जखडतांहि येई. मात्र अशा गाडीचे पुढचे व मागचे टायर सारखे झिजलेले नसले, तर सरळ रस्त्यावरहि तें डिफरन्शियल अखंड राबत राहतें, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च नव्या धन्याच्या माथीं येतो.