कॉबची भिंत आणि तिच्या डागडुजीचा पैसा

आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांना धूपप्रतिबंधक बंधारा नवा नाही. जमीन वाहून जाऊ नये म्हणून काठाला लागून टाकलेले दगड ते. आज आम्ही सांगतोय ती भिंत वेगळी. ती काठ सोडून समुद्रात शिरते, वळण घेते आणि लाटांना बाहेरच अडवते. आतल्या शांत पाण्यात होड्या उभ्या राहतात. तिला ब्रेकवॉटर म्हणतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं लहान गाव आहे, तिथली ही भिंत. तिकडे तिला ‘कॉब’ म्हणतात.

१३२८ सालच्या कागदात तिचा उल्लेख सापडतो, आणि तोही कसा, तर वादळाने मोडतोड झाल्याचा! तेव्हा ती बांधायची रीत साधी होती. ओक लाकडाचे खांब समुद्राच्या तळात रांगेने ठोकायचे आणि मधल्या जागेत मोठाले धोंडे रचायचे. चुना वगैरे काही नाही. एवढे जड धोंडे न्यायचे कसे? तर रिकामी लाकडी पिंपं धोंड्याला बांधायची. भरतीचं पाणी चढलं की पिंपं तरंगतात, सोबत धोंडाही उचलला जातो. मग ओढत न्यायचा आणि जागेवर सोडायचा. आम्हाला ही युक्ती फार आवडली. क्रेन नव्हती, पण भरती तर रोजचीच होती.

समुद्र मात्र ऐकत नव्हता. १३७७ मध्ये भिंत वाहून गेली. तिच्याबरोबर ५० होड्या आणि ८० घरं गेली. भिंत नाही तर बंदर नाही, आणि बंदर नाही तर गावाला व्यापार नाही. म्हणून ती पुन्हा पुन्हा उभी करावी लागली.

मग पैसा कुठून यायचा? हा भाग आपल्या बचत गटांनी नीट ऐकावा. भिंतीच्या देखभालीसाठी ‘कॉब वॉर्डन’ नेमलेले असत, आपले अध्यक्ष-सचिव म्हणा ना. जमाखर्च तेच लिहीत. बंदरात येणाऱ्या जहाजांकडून कर घेत. शिवाय दरवर्षी गावजेवणासारखा एक उत्सव भरे, ‘कॉब एल’. एल म्हणजे बिअर. खाणंपिणं व्हायचं आणि जमलेला पैसा भिंतीला जायचा. आडव्या बाटलीला मत देणाऱ्या आपण, आपल्याला हे काही पटायचं नाही! तिथल्याही कडक धर्मनिष्ठ मंडळींना पटलं नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा उत्सव बंद पडला. भिंतीची दुरुस्ती काही थांबणारी नव्हती.

आणखी एक गंमत. १७५६ पर्यंत ही भिंत जमिनीला जोडलेलीच नव्हती, पाण्यात एकटी उभी होती. १७९२ च्या वादळात तिचा दक्षिणेकडचा भाग कोसळला. पुढच्या वर्षी तो बांधला, तेव्हा बहुधा पहिल्यांदाच दगडांच्या सांध्यात चुना भरला गेला. १८२० मध्ये पोर्टलँडचा टणक दगड बसवला. तरी १८२४ च्या नोव्हेंबरात मोठ्या वादळाने भिंतीला भगदाड पाडलंच. एवढं काम गावाच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. सरकारच्या लष्करी इंजिनिअरांनी १८२५-२६ मध्ये ते पुरं केलं. खर्च आला १७ हजार पौंडांवर.

भिंत आजही उभी आहे. वरची वाट समुद्राकडे कललेली आहे. खाली उतरायला एके ठिकाणी भिंतीतून बाहेर आलेले नुसते दगड आहेत, मध्ये मोकळी फट. लोक त्यांना ‘आजीचे दात’ म्हणतात.